खुबा बदलल्यानंतर पुन्हा वजन उचलताना

टोटल हिप रिप्लेसमेंट झालेला माणूस जिमचं नाव काढतो तेव्हा त्याला दोन सल्ले मिळतात. घरचे म्हणतात, आता जन्मभर पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. ट्रेनर म्हणतो, लेग प्रेसचं मशीन आहे ना, पाठीला आधार मिळतो, तिथूनच सुरू करू. दोघांचंही लक्ष वजनावर असतं. नव्या खुब्याला खरी भीती आहे ती खोल वाकण्याची, पीळ पडण्याची आणि अचानक बसणाऱ्या झटक्याची. बेतानं वाढवलेलं वजन हा सांधा चांगलं पेलतो.

हे मोजलेलं आहे. बर्लिनमध्ये गेऑर्ग बर्गमन यांच्या गटानं सेन्सर असलेले कृत्रिम खुबे रुग्णांना बसवून त्यांच्यावर येणारा भार नोंदवला. साध्या चालण्यातच सांध्यावर शरीराच्या वजनाच्या जवळपास अडीच पट भार येतो, जिना उतरताना त्याहून थोडा जास्त. म्हणजे ७० किलोच्या माणसाचा खुबा घरातल्या घरात, प्रत्येक पावलाला, १६५ ते १७० किलो झेलत असतो. आणि तोच माणूस पायपुसण्यात पाय अडकून अडखळला तर भार सात-आठ पटींपर्यंत जाऊ शकतो. दोन्ही हातांत पाच-पाच किलोचे डंबेल धरून खुर्चीतून सावकाश उठणं यापुढे काहीच नाही. जिममध्ये जमिनीवर पडलेल्या प्लेटला अडखळणं मात्र फार महागात पडू शकतं.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ सत्तरीतल्या आजी-आजोबांचा नाही. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरणं, म्हणजे एव्हीएन, हे भारतात तरुण वयात खुबा बदलावा लागण्याचं मोठं कारण आहे. स्टेरॉइड, दारू, जुना अपघात, आणि विदर्भात सिकलसेल यामुळे पस्तिशी-चाळिशीतली माणसं या ऑपरेशनला येतात. त्यांना अजून पुष्कळ वर्षं काम करायचं असतं, मुलांना उचलून घ्यायचं असतं. त्यांना ‘जपून राहा’ एवढंच सांगून घरी पाठवणं मला अन्याय्य वाटतं, कारण कमजोर स्नायूंचा खुबा हा जास्त धोक्यातला खुबा असतो.

आधी डिस्चार्ज कार्ड वाचा

व्यायाम ठरवण्याआधी सर्जनकडून चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: सांध्यापर्यंत कुठल्या बाजूनं गेले, स्टेम, म्हणजे मांडीच्या हाडात घातलेला दांडा, सिमेंटनं बसवला की बिनसिमेंटचा आहे, गोळा किती मिलिमीटरचा आहे, आणि कोणत्या हालचालींना कधीपर्यंत मनाई आहे.

बाजू सर्वांत महत्त्वाची. मागच्या बाजूनं ऑपरेशन झालं असेल तर नितंबाखालचे, मांडी बाहेर वळवणारे छोटे स्नायू कापून पुन्हा शिवलेले असतात. तिथे सांधा मागे निसटण्याचा धोका असतो. म्हणून ९० अंशांपुढे वाकायचं नाही, पाय शरीराच्या मध्यरेषेपलीकडे न्यायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. तिन्ही एकदम होतात ती जागा अगदी घरगुती आहे: खोल सोफ्यावर बसून, गुडघे जुळवून, बाहेरच्या बाजूला पडलेली चप्पल उचलायला वाकणं. पुढून ऑपरेशन झालं असेल तर धोका उलटा. पाय मागे ताणणं आणि त्याच वेळी बाहेर वळवणं टाळायचं. बाजूनं झालं असेल तर ग्लुटिअस मीडियस या, कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूचा काही भाग सोडवून परत शिवलेला असतो. तो जुळेपर्यंत, साधारण ६ ते ८ आठवडे, रबर बँड लावून पाय बाजूला उचलायचा नाही. एकाच वॉर्डातल्या दोन पेशंटना वेगवेगळे व्यायाम दिले जातात ते यामुळे. शेजाऱ्याचा तक्ता उचलू नका.

सिमेंटचा स्टेम लगेच घट्ट असतो. बिनसिमेंटच्या स्टेमच्या खडबडीत पृष्ठभागात हाड शिरून धरायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. त्या काळात चालणं चालतं, पण पाय रोवून शरीर गर्रकन वळवणं वाईट, कारण पीळ थेट स्टेमवर येतो. गोळा मोठा, म्हणजे ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा असेल, तर तो कमरेच्या बाजूच्या वाटीतून निसटायला जास्त अंतर जावं लागतं. म्हणून काही सर्जन अशा पेशंटना कमी बंधनं घालतात. आपल्या सर्जनचा शब्द अंतिम धरा. खाली लिहिलेलं ढोबळ वेळापत्रक आहे, गुंतागुंत न झालेल्या ऑपरेशनचं.

पहिले सहा आठवडे फिजिओ सांगेल तेच: घोटे हलवणं, मांडी आणि नितंब आवळून पाच सेकंद धरणं, टाच गादीवर घासत जवळ आणणं, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं चालणं. या काळात एक चूक मात्र पुष्कळजण करतात. काठी ऑपरेशनच्याच बाजूच्या हातात धरतात. ती विरुद्ध हातात हवी.

एका पायावरचा तराजू

काठी विरुद्ध हातात का, हे कळलं की पुढचा सगळा व्यायाम कळतो. एका पायावर उभं राहिलं की खुबा तराजूच्या काट्यासारखा होतो. आतल्या बाजूला उरलेलं सगळं शरीर, लांबच्या टोकाला लटकलेलं. बाहेरच्या बाजूला ग्लुटिअस मीडियस, जवळच्या टोकाला. शरीराची बाजू दुपटीनं लांब, म्हणून स्नायूला शरीराच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास ओढावं लागतं, आणि ही ओढ व शरीराचं वजन मिळून सांध्यावर पडतं. अडीच पट आली ती इथून. विरुद्ध हातातली काठी लांबच्या टोकाला आधार देते, त्यामुळे थोडासा जोर दिला तरी स्नायूचं मोठं काम हलकं होतं.

हा स्नायू दुबळा असेल तर ऑपरेशनच्या पायावर उभं राहताच दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडते, किंवा ती पडू नये म्हणून माणूस धड ऑपरेशनच्या बाजूला झुकवतो. यालाच आपण लंगडणं म्हणतो. एव्हीएनच्या किंवा संधिवाताच्या पेशंटला ऑपरेशनच्या आधी कित्येक महिने लंगडायची सवय लागलेली असते. सांधा नवा बसतो, सवय जुनीच राहते. त्यामुळे काठी अमुक तारखेला सोडायची असं ठरवू नका. लंगडणं थांबलं की सोडा. लंगडत काठीशिवाय चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चालणं शंभरपट बरं.

सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेनंतर, सर्जननं हो म्हटल्यावर, या स्नायूपासून सुरुवात करा. ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला धरून उभं राहा, ऑपरेशनचा पाय सरळ बाजूला २० ते २५ अंश उचला, दोन सेकंद धरा, सावकाश आणा. पावलाचं टोक समोर. ते बाहेर फिरलं तर काम पुढचे स्नायू करतात आणि जांघ दुखते. १० वेळा, दिवसातून तीनदा. सोबत पाठीवर झोपून ब्रिज, म्हणजे गुडघे वाकवून कंबर वर उचलणं, आणि १० सेंटिमीटरच्या पायरीवर चढ-उतार, पुढे १५ सेंटिमीटर. कुशीवर झोपून पाय उचलायचा असेल तर दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी ठेवा, म्हणजे पाय मध्यरेषेपलीकडे पडत नाही.

बाजाराची पिशवी हाही व्यायामच आहे. ऑपरेशनच्या बाजूच्या हातात पिशवी धरली तर त्या खुब्याचं काम कमी होतं, विरुद्ध हातात धरली तर बरंच वाढतं. म्हणून पहिले तीन महिने पिशवी ऑपरेशनच्या बाजूला, किंवा दोन्ही हातांत सारखी. पुढे, कंबर सरळ राहायला लागली की, मुद्दाम विरुद्ध हातात ४-५ किलो घेऊन २०-२० मीटरच्या फेऱ्या मारायच्या. या स्नायूसाठी इतका सोपा आणि इतका उपयोगी व्यायाम मला दुसरा माहीत नाही. अनेकांना तो कोणी सांगतच नाही याचं वाईट वाटतं.

जिमचं दार उघडण्याआधी

तीन महिने झाले एवढ्यावर जिम सुरू करू नका. आधी हे जमलं पाहिजे: अर्धा तास न लंगडता, काठीशिवाय चालणं, ऑपरेशनच्या पायावर, भिंतीला एक बोट लावून, कंबर न पडता ३० सेकंद उभं राहणं, साध्या जिन्याची पायरी, म्हणजे १५ ते १८ सेंटिमीटर, ऑपरेशनच्या पायावर भार ठेवून सावकाश उतरून दाखवणं, धपकन न पडता, १० वेळा, आणि दुखण्याची गोळी न घेता हे सगळं. कंबर पडते की नाही हे स्वतःला कळत नाही. कोणाला तरी मागून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान ४८ तास. सुरुवात ५-७ मिनिटं उभ्या सायकलवर, सीट उंच, पेडल खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला. सीट खाली असेल तर पेडल वर येताना मांडी पोटाकडे जाते.

आता लेग प्रेस. मशीन वाईट नाही, पण ते लावतात चुकीचं. तिरक्या, ४५ अंशांच्या मशीनवर ट्रॉली पूर्ण खाली घेतली की गुडघे छातीजवळ येतात आणि खुबा ९० अंशांच्या खूप पुढे वाकतो. वरून वजन दाबत असतं, त्यामुळे थांबता येत नाही. शिवाय त्याची सीट जमिनीलगत असते. व्यायामापेक्षा त्यात उतरणं आणि त्यातून उठणंच जास्त धोक्याचं ठरतं. आडवं, बसून ढकलायचं मशीन असेल तर ते निवडा. सीट मागच्या खाचेत ढकला, पाठीचा आधार शक्य तितका मागे पाडा, पावलं खांद्याइतक्या अंतरावर आणि थोडी वरच्या भागात ठेवा, गुडघे पावलांच्या रेषेत. शेवट कुठे मानायचा? नितंब गादीवरून सुटायला लागले की हालचाल संपली. त्याच्या एक खाच आधी स्टॉपर लावा. ७० किलोच्या माणसानं दोन्ही पायांनी २० ते ३० किलोवर १२ ते १५ रेप्सचे, म्हणजे सलग तितक्या वेळा ढकलण्याचे, दोन सेट एवढ्यावरच पहिले दोन आठवडे काढावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ठीक वाटलं तर अडीच-पाच किलोंनी वाढ.

दोन आठवड्यांनी एकेक पाय वेगळा करा. दोन्ही पायांनी ढकलताना चांगला पाय गुपचूप बहुतेक काम करतो आणि आकडा वाढताना दिसला तरी दुबळा पाय दुबळाच राहतो. आधी ऑपरेशनचा पाय, मग दुसरा, आणि दुसऱ्याला तितकेच रेप्स, तितकंच वजन. त्याला आणखी जमतं म्हणून जास्त देऊ नका.

नॉर्वेत ऑपरेशननंतर आठवड्याभरातच, देखरेखीखाली, जड वजनावर ५ रेप्सचे ४ सेट असा लेग प्रेस आणि पाय बाजूला ओढण्याचा व्यायाम देऊन पाहिला गेला आहे, आणि त्या पेशंटची ताकद चांगली वाढली. हे घरी करून बघायचं नाही. पण तीन महिन्यांनंतरही गुलाबी रंगाचे एक किलोचे डंबेल घेऊन वर्षभर तेच करत राहणं पुरेसं नाही, एवढं यातून नक्की समजावं. स्नायूला वाढायला भार लागतो. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून ८ ते १० रेप्समध्ये दम लागेल, पण अजून दोन-तीन काढता आले असते, इतकं वजन हवं.

स्क्वॉट बॉक्सवर करा. बॉक्सची उंची अशी की बसल्यावर गुडघे खुब्याच्या किंचित खाली राहतील. साधारण उंचीच्या माणसाला ५० सेंटिमीटरच्या आसपास लागते. प्लॅस्टिकची खुर्ची आणि जिमचा बेंच ४२ ते ४५ सेंटिमीटरचे असतात, म्हणजे त्यावर एक-दोन जाड रबरी प्लेट किंवा स्टेपर ठेवावा लागतो. मऊ उशी नको, ती दबते आणि उंची फसवते. पावलं खांद्यांहून थोडी रुंद, टोकं किंचित बाहेर. पुढून ऑपरेशन झालं असेल तर टोकं फार बाहेर फिरवू नका. छातीशी ४-५ किलो धरून, तीन सेकंदांत खाली, बॉक्सला टेकून, न आदळता वर. श्वास कोंडू नका. उठताना सोडा.

वजन खरंच दोन्ही पायांवर पडतंय का, हे पाहायला घरचे दोन वजनकाटे पुरतात. प्रत्येक पाय एका काट्यावर ठेवून सावकाश बसा-उठा आणि दुसऱ्याला आकडे वाचायला सांगा. एकावर ४५ आणि दुसऱ्यावर २५ दिसलं तर वजन वाढवायची वेळ आलेली नाही. सुरुवातीला पाय लांब झाल्यासारखाही वाटतो. बऱ्याचदा ते आखडलेल्या स्नायूंमुळे असतं आणि तीन-चार महिन्यांत जातं. स्वतःच्या मनानं बुटात टाच घालू नका.

डेडलिफ्टमध्ये एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर, म्हणून बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. ‘हलकं घ्या’ म्हणून ट्रेनर पाच किलोची छोटी प्लेट लावतो, जिचा व्यास याच्या निम्मा असतो. बार १०-१२ सेंटिमीटरवर येतो. वजन कमी झालं, पण वाकणं कितीतरी वाढलं. नव्या खुब्यासाठी ही उलटी सोय आहे. बार रॅकच्या पिनवर किंवा स्टेपरच्या चळतीवर गुडघ्याच्या उंचीला ठेवा, कंबर मागे ढकलून तिथूनच उचला आणि तिथेच ठेवा. पुढे महिन्याला पाच सेंटिमीटर खाली आणता येईल, तेही पाठ गोल न होता जमत असेल तर. रिकामा बार २० किलोचाच आहे असं गृहीत धरू नका. अनेक जिममध्ये तो १० किंवा १५ किलोचा असतो. एकदा काट्यावर ठेवून बघा.

बाजूला पाय ढकलायचं बसून करायचं मशीन मी सुचवत नाही. सीट खाली असते आणि सुरुवातच गुडघे चिकटवून होते. त्याऐवजी केबलला घोट्याचा पट्टा लावून उभ्यानं करा, पाय दुसऱ्या पायासमोरून पलीकडे न नेता.

खरे अपघात व्यायामांच्या मधल्या वेळात होतात. जमिनीवरची प्लेट उचलायला दोन्ही पाय जुळवून वाकणं. त्याऐवजी, मागून ऑपरेशन झालं असेल तर, एका हातानं रॅक धरा, ऑपरेशनचा पाय मागे सरळ जाऊ द्या आणि दुसऱ्या पायावर वाका. डंबेल मांडीवर ठेवून, गुडघे छातीकडे झटकत बेंचवर आडवं होणं. डंबेल हातात द्यायला कोणाला तरी सांगा. डंबेल ठेवायला पाय रोवून कमरेतून वळणं. छोटी छोटी पावलं टाकून अख्खं शरीर वळवा. घामानं ओली फरशी. आणि मोबाइल बघत चालणारी माणसं.

आपले जुने व्यायाम

तालमीत वाढलेल्यांना बैठका सोडवत नाहीत. पण पूर्ण बैठकेत मांडी पोटाला टेकते आणि सगळं खालून झटक्यात उसळत होतं. उकिडवं बसणंही तेच. बॉक्सपर्यंतची अर्धी बैठक सावकाश करा. दंड-जोर मात्र हरकत नाही, पाय रुंद ठेवून आणि शेवटी कंबर जमिनीकडे फार न ताणता. सूर्यनमस्कारातली अश्वसंचलनाची स्थिती नीट पाहा. पुढच्या पायाचा खुबा पूर्ण वाकलेला, मागच्याचा पूर्ण ताणलेला. ऑपरेशन मागून झालं असो वा पुढून, दोन्हींचा धोका एकाच स्थितीत येतो. तिथे खुर्ची वापरा किंवा ती पायरी गाळा. मलासन, गोमुखासन, कपोतासन सोडा. मांडी घालून बसता येईल का, हे सर्जनला विचारूनच ठरवा.

धावणं, दोरीच्या उड्या, बॉक्स जम्प, बर्पी आणि ‘आज किती मॅक्स जातंय बघू’ हे प्रकार नकोत. टेनिसपटू अँडी मरे याचं उदाहरण लोक देतात. त्यानं जानेवारी २०१९ मध्ये ऑपरेशन करून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची स्पर्धा जिंकली, हे खरं. पण त्याचं हिप रिसर्फेसिंग होतं. त्यात मांडीच्या हाडाचा गोळा कापून टाकत नाहीत, त्यावर धातूची टोपी बसवतात. सांधा वेगळा, नियम वेगळे.

दुखणं कुठे आहे

स्नायूंची ठणक एक-दोन दिवस राहिली तर घाबरू नका. दहापैकी दोन-तीन इतकं दुखणं, जे दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत होतं, चालतं. त्याहून जास्त राहिलं तर पुढच्या वेळी सेट कमी करा, वजन तेच ठेवा.

पाय गाडीत उचलून ठेवताना किंवा जिना चढताना जांघेत दुखत असेल तर पुढचा, पाय उचलणारा स्नायू चिडलेला असतो. बहुधा लटकून पाय उचलण्याचे किंवा पोटाचे सिट-अप व्यायाम सुरू केलेले असतात. ते थांबवा. थांबवूनही राहिलं तर सर्जनला दाखवा, कारण वाटीची कड त्या स्नायूला घासत असू शकते. बाहेरच्या हाडावर, त्या कुशीवर झोपल्यावर दुखत असेल तर बाजूचे व्यायाम फार लवकर वाढवले गेले. मांडीच्या मध्यावर, खुर्चीतून उठून पहिली चार पावलं टाकताना दुखतं आणि मग कमी होतं, असं रोज होत असेल तर जिम बंद करा आणि एक्स-रे काढा. स्टेम हलत असल्याची ती खूण असू शकते.

आणि दुसऱ्या पायाकडे लक्ष ठेवा. एव्हीएन बऱ्याचदा दोन्ही खुब्यांत असतो. ज्याला आपण चांगला पाय म्हणून जास्त राबवतो, त्याच्या जांघेत दुखू लागलं तर स्नायू असेल म्हणून दुर्लक्ष करू नका. एमआरआयचं विचारा. सिकलसेल असेल तर व्यायामाआधी आणि मध्ये पाणी पीत राहा, थकून कोसळेपर्यंत कधीही जाऊ नका.

खाण्याबद्दल थोडक्यात: मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर वजनाच्या दर किलोला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं. एक वाटी वरणात ६-७ ग्रॅमच असतात. वरण-भाकरीवर हिशेब जुळत नाही. दोन अंड्यांत १२, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, पन्नास ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत २५ च्या पुढे.

पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, जखमेतून पाणी आलं तर त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करा. अचानक धाप लागली तर फोन करत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा. आणि वाकताना खुब्यात खट्ट होऊन पायावर उभंच राहता येत नसेल, पाय आखूड आणि आत किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर सांधा निसटला आहे. आहे तिथेच आडवं करा, पायाखाली-बाजूला उशा लावून तो आहे त्याच स्थितीत टेकवा, काही खायला-प्यायला देऊ नका कारण भूल द्यावी लागेल, आणि १०८ ला फोन करा. पाय कोणालाही ओढू देऊ नका, ट्रेनरला नाही आणि गावातल्या हाडवैद्यालाही नाही.